जांभळं ॲप आणि मालनबाईंचा सा

मालनबाई गमरे भाताला पाणीसुद्धा वाचून घालतात, असं त्यांचे यजमान अभयराव येईल त्या पाहुण्याला सांगायचे. बाई रागवायच्या, पण ते खोटं नव्हतं. तांदळाच्या डब्यावर चिठ्ठी डकवलेली होतीच. जुन्या तांदळाला किती पाणी, नव्याला किती, सगळं शाळामास्तरणीच्या गोल गोल अक्षरात. जन्मभर रोज भात शिजवणारी बाई, पण चिठ्ठीवरून एक नजर फिरल्याशिवाय तिचा हात नळाकडे जायचा नाही. एसटीचंही तेच. रत्नागिरीच्या स्टँडवर गाडीची पाटी वाचायची, मग कंडक्टरला विचारायचं, चढल्यावर शेजारणीला विचारायचं, आणि गाडी सुटली की खिडकीतून मान काढून पाटी पुन्हा वाचता येते का बघायचं. लिहिलेलं समोर असलं की बाईंना धीर. जिल्हा परिषदेच्या शाळेत सगळी नोकरी गेली, कविता तोंडपाठ असली तरी पुस्तक हातात हवंच.

अशी ही बाई पेटी वाजवायची, तीसुद्धा झोकात.

बाईंचं लहानपण अलोऱ्याला गेलं, कोयना प्रकल्पाच्या कॉलनीत. तिथल्या क्लबात एक पेटी होती, आणि मुलींनी ती खिडकीतून बघायची असा अलिखित नियम होता. बघून बघून जी हौस पोटात राहिली ती पन्नाशीच्या तोंडावर वर आली. जवळच्या नाचणे गावातल्या एका गुरुजींकडे बाई शिकायला लागल्या. गुरुजी गाण्याचे स्वर कागदावर लिहून द्यायचे, सा रे ग म, आणि बाई ते वाचून वाजवायच्या. कागद समोर असला की बोटं अशी पळायची की बघणाऱ्याला वाटावं, बाई आईच्या पोटातून शिकून आल्या. कागद उचलला की बोटं जागच्या जागी थिजायची. आणखी एक गोम होती. बाईंना बोटं एकाच जागेवरून चालवता यायची. गाणाऱ्याला वर हवं असो की खाली, बाई पेटीचा खटका सरकवायच्या. तसली पेटी मिळते, खटका सरकवला की आतली आख्खी पट्टी सरकते आणि बोटांना पत्ताही लागत नाही.

ह्यातलं काहीही मंडळात कुणाला ठाऊक नव्हतं. मैत्री गायन मंडळाची माणसं समजत होती की समोर कागद ठेवणं ही बाईंची शिस्त आहे. समजू दे की. बाईंनी कधी सांगितलं नाही.

मंडळ तसं छोटं. सागर ढोलकी वाजवायचा, गाणी रचायचा आणि पुढारीपण करायचा. तो बाईंचा चौथीतला विद्यार्थी, आता वीज कंपनीत नोकरीला, पण अजून बाईंसमोर बोलताना हात मागे बांधायचा. दीप्ती गायची, ती एका खाजगी दवाखान्यात नर्स. आणि कीबोर्डवर सर्वेश, कॉलेजात कॉम्प्युटर शिकवणारा, ज्याला चालू असलेलं काही तसंच चालू ठेवलेलं बघवत नाही. लग्न, बारसं, जयंती, पौर्णिमा, कुठे बुद्धवंदना असली की हे चौघं आणि मागे कोरस.

मग मुंबईच्या मंडळाला काय सुचलं कोण जाणे! आपल्या वाडीची म्हणून जी माणसं मुंबईत असतात त्यांनी मंडळाला भेट पाठवली, प्रत्येकाला एक टॅब. सागरला नवी ढोलकी हवी होती. पण मुंबईकर म्हणाले, आता सगळे टॅबवर वाजवतात, तुम्ही मागे राहू नका. सर्वेशला तर आनंदाने घाम फुटला. त्याने सगळे कागद गोळा केले, त्यांचे फोटो काढले आणि एका ॲपमध्ये भरले. त्या ॲपचं चित्र निळं होतं. नाव इंग्रजी, लांबलचक, म्हणून बाई त्याला निळंच म्हणायच्या.

निळ्याचं पहिल्यांदा बरं चाललं. तेच कागद, फक्त काचेच्या आत. बोट सरकवलं की पान उलटायचं. बाई घरी येऊन अभयरावांना म्हणाल्याही, "एवढं काही वाईट नाही हो." आणि दुसऱ्याच आठवड्यात, एका घरी वंदना चालू असताना, बाईंच्या टॅबवर स्वर गेले आणि एक बाई केस मोकळे सोडून उभी राहिली. केस गळतात का? आजच मागवा. बाईंनी पेटी थांबवली. पेटी थांबली म्हणून दीप्ती थांबली. घरमालकाला वाटलं वंदना संपली, त्याने जोडलेले हात सोडले आणि चहा सांगितला.

"जाहिरात होती काकी, ती काट मारून घालवायची," सर्वेश नंतर म्हणाला.

"काट कुठे होती त्यात?"

"कोपऱ्यात. बारीक असते."

"आणि मला दिसत होते ते केस कुणाचे?"

निळं गेलं, पिवळं आलं. पिवळ्यात जाहिरात नव्हती. पिवळ्याची करामत अशी की टॅब तुमच्याकडे बघत बसायचा आणि मान हलवली की पान उलटायचं. हात मोकळे. सर्वेशने करून दाखवलं, सगळे वा म्हणाले. आता मला सांगा, गाणं रंगलं आणि मान हलली नाही असा वाजवणारा आपल्याकडे कोण असतो? दीप्तीने एक जागा छान घेतली, बाईंनी मान डोलावली, पान गेलं. ते परत आणायला बाईंनी मान उलटी हलवली, आणखी एक गेलं. सागरने समेवर ढोलकीची थाप दिली तशी सवयीने तिसरं गेलं. लग्नाच्या गाण्यात बाई बारशाच्या गाण्यावर जाऊन पोचल्या. मग त्यांनी मान ताठ धरून वाजवायला सुरुवात केली, तर कोरसमधल्या बायका विचारायला लागल्या, "बाई, मान धरलीय का ओ? तेल चोळून देऊ?"

मग सागरने ढोलकी मांडीवरून खाली ठेवली.

"बाई, राग मानू नका."

"म्हणजे राग मानण्यासारखंच बोलणार आहेस."

"पौर्णिमेला मुंबईची माणसं येतायत. टॅब त्यांनीच दिलेत, त्यांच्यासमोर टॅबवरच वाजायला हवं. तुम्हाला ह्याचा त्रास होतोय. तर तुम्ही कोरसला बसा. पेटीचं सर्वेश काढेल कीबोर्डावर. पेटीचा आवाज असतो त्याच्यात."

"पेटीचा असतो? मग ढोलकीचापण असेल."

"आहे की!" सर्वेश उत्साहाने म्हणाला, आणि सागरने त्याच्याकडे असं बघितलं की तो लगेच वायरी गुंडाळायला लागला.

"सागर," बाई म्हणाल्या, "तुला पाढे येत नव्हते तेव्हा मी तुला वर्गाबाहेर बसवलं होतं का रे?"

"बसवलं होतंत बाई."

बाईंना हे आठवत नव्हतं. शेवटी ठरलं ते असं: सर्वेश तिसरं ॲप आणतोय, पौर्णिमेला त्याच्यावर नीट वाजलं तर पेटी बाईंची. नाही वाजलं तर बाई कोरसमध्ये, हातात खंजिरी, पौर्णिमेलाच नव्हे तर कायमच्या.

अभयराव लोटे एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत. आठवडाभर तिकडेच खोलीवर आणि सुट्टीला घरी. त्या सुट्टीला बाईंनी त्यांना बांगड्याचं ताट वाढलं आणि समोर बसून खरं काय ते सांगून टाकलं.

"अहो, समोर लिहिलेलं नसलं ना, तर मला वाजवताच येत नाही."

"थोडंफार तरी येत असेल."

"काहीच नाही. तुम्हाला येतं तेवढंच."

अभयरावांचा घास थांबला. त्यांना पेटी उघडताही येत नव्हती. "मग शीक की न बघता वाजवायला. आमच्या कंपनीत असतं ना ड्रिल, लाईट गेली, धूर झाला, काही दिसत नाही, तर पहिला कुठला व्हॉल्व्ह बंद करायचा. डोळे मिटून करता आलं पाहिजे."

"कुठला करायचा पहिला?"

"ते भिंतीवर लिहिलंय."

बाईंनी त्यांच्या ताटात आणखी भात वाढला. मिटला विषय.

तिसरं ॲप आलं ते जांभळं. ह्याच्यात फोटो चालत नव्हते. सर्वेशने सगळे स्वर नव्याने टाइप केले, दीप्तीने शब्द टाइप केले. सगळे टॅब एकमेकांना जोडलेले, म्हणजे सर्वेशने पान उलटलं की सगळ्यांचं उलटायचं. बाईंना हे फार आवडलं. फणसाचे दिवस, गरे काढताना चीक चिकटू नये म्हणून हाताला खोबरेल, टॅब त्यांचं बोट ओळखायचाच नाही. आता बोट लावायलाच नको. शिवाय ह्यात एक बटण होतं, गाणं वर-खाली करायचं. सर्वेशने ते समजावून सांगितलं तेव्हा बाई वाकून चप्पल शोधत होत्या. "समजलं ना काकी?" तो म्हणाला. "हो रे," बाई म्हणाल्या. चप्पल सापडली होती.

तालमी बऱ्या झाल्या. बाईंचा जीव थोडा भांड्यात पडला.

पौर्णिमेच्या संध्याकाळी समाजमंदिरापुढच्या अंगणात मांडव घातला होता. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, हवेत इतका दमट उकाडा की मेणबत्त्यासुद्धा वाकलेल्या. मुंबईकर पुढच्या खुर्च्यांवर. त्यांच्याही पुढे, अगदी पेटीला पाय लागेल इतक्या जवळ, सुंदराबाई चटईवर बसलेल्या. वाडीतली सगळ्यांत म्हातारी बाई, कानाने जरा जड, पण एकही कार्यक्रम न चुकवणारी. वंदना छान झाली. दोन गाणी छान झाली. मुंबईचे अध्यक्ष टॅबकडे बोट दाखवून शेजारच्याला काहीतरी सांगत होते आणि शेजारचा मान डोलावत होता. सागरने बाईंकडे बघून डोळ्यांनीच शाबासकी दिली. विद्यार्थ्याची शाबासकी! पण घेतली बाईंनी.

पुढचं गाणं सागरने स्वतः रचलेलं, हे समाजमंदिर वाडीने कसं बांधलं त्याचं. मंडळ ते कित्येक वर्षं गात होतं. सुरू होण्याआधी दीप्ती मागे वळून कुजबुजली, "घसा बसतोय माझा. हे दोन पट्ट्या खाली घ्या हं."

ऐकलं दोघांनी. आणि दोघांनी केलं. तिथेच घोटाळा झाला.

सर्वेशने टॅबवरचं बटण दाबलं, गाणं दोन पट्ट्या खाली. टॅब जोडलेले, त्यामुळे बाईंच्या टॅबवरचेही स्वर सरकले. सा उभा असायचा त्या जागी भलताच कोणीतरी येऊन उभा राहिला. बाईंनी ते बघितलं नाही, कारण त्या खाली वाकून पेटीचा खटका दोन घरं ओढत होत्या, नेहमी ओढतात तसा. आणि सर्वेशनेही जुन्या सवयीने कीबोर्डाचं बटण दोनदा दाबलं. म्हणजे टॅबने उतरवलं ते उतरवलंच, वर वाद्यांनीही उतरवलं. दीप्ती दोन पायऱ्या उतरली आणि हे दोघं चार.

पहिली ओळ सुरू झाली आणि दीप्तीने असं मागे बघितलं की जणू तिच्या पाठीत कुणीतरी बर्फ घातला. बाईंना कळेना काय झालं. रोजचं गाणं, बोटं रोजच्या जागी जायला बघत होती, पण समोर वेगळं लिहिलेलं. आणि लिहिलेलं म्हणजे लिहिलेलं. बाईंनी बोटांना दटावलं आणि टॅबवर होतं तसं वाजवलं.

दुसऱ्या ओळीला सर्वेशच्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने टॅबवर गाणं परत वर चढवलं, आणि घाबरून कीबोर्डाचंही बटण फिरवलं. त्याच वेळी बाईंच्याही डोक्यात प्रकाश पडला, की चूक खटक्याचीच असणार, आणि त्यांनी खटका वर ढकलला. दोघं एकाच वेळी शहाणे झाले. आधी दोघं तळघरात होते, आता दोघं माळ्यावर, आणि दीप्ती बिचारी मधल्या जिन्यात एकटी गातेय.

सर्वेश टॅबवर दणादण बोटं मारायला लागला. त्याची पानं पळाली तशी बाईंचीही पळाली. वंदना, बारसं, लग्न, पुन्हा बारसं. मग पडदा नुसताच पांढरा झाला. सर्वेशने दोन्ही हात मांडीवर घेतले आणि खाली बघत राहिला. सागरने ढोलकी इतकी हळू केली की नुसती बोटंच वाजत होती. तो बाईंकडे बघत होता, आणि त्या बघण्यात खंजिरी होती.

बाईंसमोर काहीही लिहिलेलं नव्हतं. भाता त्या ओढत होत्या, कारण तेवढं एक वाचून करावं लागत नव्हतं. त्यांनी घाबरत घाबरत एक पट्टी दाबली, अगदी हलकी. दीप्तीच्या गळ्याशी भांडली. शेजारची दाबली, तीही भांडली. बाईंनी दाराच्या फटीतून बघावं तशी तिसरी दाबली आणि चौथी दाबली. चौथी भांडली नाही. गप्प जाऊन दीप्तीच्या आवाजाखाली बसली. हाच सा असावा, बाईंना वाटलं. नक्की माहीत नव्हतं. पण सोडून दुसरीकडे जायची छाती होईना. बुडणाऱ्याने होडीची कड धरावी तशी त्यांनी ती एक पट्टी धरली आणि गाणं संपेपर्यंत सोडली नाही. एक सूर, एक बोट. दीप्तीला टेकायला काहीतरी मिळालं, तिने ओळी सावकाश घेतल्या, एकेक शब्द नीट मोकळा करून. खाली ढोलकी बोटांवर.

गाणं संपलं. बाईंनी मनातल्या मनात खंजिरी हातात घेतलीसुद्धा.

तेवढ्यात चटईवरून सुंदराबाईंचा आवाज आला, "मेल्या सागऱ्या! ह्या देवळाचे चिरे बायांनी डोक्यावरनं आणले, असा म्हंतोस काय तू ह्याच्यात?"

"हो आजी. इतकी वर्षं तेच गातोय."

"इतकी वर्षा मला वाटला ता पाण्याचा गाणा हाय! ह्या पेटी-ढोलकीच्या गोंगाटात काय कलतंय? आज शबुद आयकाय आले." मग जरा थांबून, "आनी सगले नाय हां आनले डोक्यावरनं. अर्धे ट्रकातनं आले. खोटा कशाला गातोस?"

मांडव हसला आणि मग टाळ्या पडल्या, त्या कशाला पडल्या ते मालनबाईंना आजतागायत कळलेलं नाही. मुंबईचे अध्यक्ष उठून आले आणि सागरला म्हणाले, "ही नवीन पद्धत छान आहे, एका सुराची. टॅबमुळे केवढा फरक पडतो बघा." सागर "हो ना" म्हणाला. दुसरं काय म्हणणार?

सामान आवरताना सर्वेश बाईंजवळ आला. "काकी, चूक माझीच. तुम्ही टॅबकडे बघितलंच नसतंत ना, तर तुमची बोटं बरोबर होती."

"न बघता?"

"हो. खटका खाली होता, बोटं नेहमीच्या जागी चालली होती. बरोबर बसलं असतं."

बाई त्याच्याकडे बघत राहिल्या. "म्हणजे मला येतं?"

"काय येतं?"

"काही नाही. वायर काढ ती, पाय अडकेल कुणाचा."

सागर आला. हात मागे. "बाई, पेटी तुमचीच. पण पुढच्या कार्यक्रमाला हे गाणं असंच वाजवायचं. सर्वेश, हे ॲपमध्ये लिहून ठेव."

"काय लिहू? सा?"

"हां, सा."

"आणि पुढे?"

सागरने बाईंकडे बघितलं, बाईंनी सर्वेशकडे बघितलं, आणि सर्वेशने टॅब पिशवीत घातला.

पुढच्या सुट्टीला अभयराव घरी आले तर बाई पेटीपुढे. टॅब बाजूला, बंद. बाई एकेक पट्टी दाबतायत, कान देतायत, सोडतायत.

"काय हरवलं?"

"त्या दिवशीचा सा."

"असा हरवतो का तो?"

"खटका तेव्हा कुठे होता ते मला आठवत नाही. मधे दोनदा सरकवला ना." बाईंनी आणखी एक पट्टी दाबली. "हा होता?"

"मला काय माहीत? मी लोट्याला होतो. थांब, मी गातो दीप्तीसारखं, तू लाव." अभयराव गायले. शेजारच्या घरातला रेडिओ कुणीतरी मोठा केला.

शेवटी बाईंनी दीप्तीलाच फोन लावला आणि फोन पेटीवर ठेवला. "दीप्ती, त्या दिवशी तू कुठल्या पट्टीत गायलीस गो?"

"तेव्हा घसा बसला होता ना काकी. आता बरी आहे. आता तो सा चालायचा नाही, आता वर लागेल."

"वर म्हणजे कुठे?"

"ते मला कसं सांगता येईल? मी गायला लागले की कळेल."

"आणि उद्या परत बसला तर?"

"तर परत खाली."

बाई फोनकडे बघत बसल्या. म्हणजे दर वेळी नव्याने शोधायचा. लिहून ठेवायची सोयच नाही. "बरं," त्या शेवटी म्हणाल्या, "गा बघू आता."

फोनमधून दीप्तीचा आवाज आला. बाईंनी भाता धरला. नजर ठेवायला समोर काही नव्हतं, म्हणून त्या अभयरावांकडे बघत राहिल्या, एकटक, पाटी वाचतात तशा.

"माझ्यावर काय लिहिलंय?" अभयराव म्हणाले.

"गप्प बसा हो," बाई म्हणाल्या, आणि त्यांनी शेजारची पट्टी दाबून बघितली.